सरकीचं पोतं उचलणारा

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. वहीची पानं भराभर चाळली की चित्रातला माणूस पोतं उचलेल, अशी फुशारकी हेडमास्तरांपुढे मारून बसलो. प्रदर्शन चार दिवसांवर! मग सिंदी स्टेशनच्या फलाटावर सरकीची पोती वाहणाऱ्या एका हमालाला बघून चित्रं काढू लागलो. प्रत्येक चित्रात पोतं आधीच्यापेक्षा फूटपट्टीनं मोजून सारखंच वर.

हमालानं मुंडाशाला हात पुसून वही चाळली. "मास्तर, याले लकवा मारला काय?"

मी ऐटीत फूटपट्टी दाखवली. तो पोट धरून हसला. "पट्टीनं पोतं उचलते काय कोणी? पाहा!"

आधी तो खाली दबला. मग हळूच हलला, झपकन उठला आणि पाठीवर पोतं टेकवताना पुन्हा हळू झाला. "वर जाच्या आधी खाली जा लागते, मास्तर."

माझी साठ पानं वाया! पण हट्टाला पेटलो. पट्टी घरी ठेवली आणि सगळी चित्रं नव्यानं काढली: आधी माणूस खाली दबलेला, मग दोन चित्रांतलं अंतर सुरुवातीला कमी, मधे जास्त, टेकवताना पुन्हा कमी. तिसऱ्या दिवशी वहीतला माणूस लोण्यासारखा उठला.

हमालानं ते दोनदा पाहिलं. मग अंगठा शेवटच्या पानाला लावून वही उलटी चाळली. पोतं अलगद खाली उतरलं, माणूस मोकळा उभा राहिला.

"हे बेस जमलं," तो म्हणाला.

प्रदर्शनात हेडमास्तरांनी वही सुलटी चाळली आणि खूश झाले. मी मात्र ती अजून उलटीच चाळतो.