एक थेंबही गळता कामा नये

गल्लीत त्याला सगळे 'पाना' म्हणत. धंद्याने प्लंबर, तोंडाने फटकळ, आणि हातात पाना नसला तरी मूठ कायम पाना धरल्यासारखी वळलेली. त्याला हे टोपणनाव आवडायचं. लोक आपल्याला घाबरून तसं म्हणतात अशी त्याची समजूत होती. लोक खरं तर वैतागून म्हणायचे, पण हे त्याला सांगायला कोण जाणार?

काम मात्र चोख होतं, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य करावं लागे. त्याने बसवलेला नळ कधी गळला नाही. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची, एकदा, दोनदा, मनाचं समाधान होईपर्यंत, आणि मग अंगाचा भार टाकून आवळायचं. 'आवळलेलं गळत नाही' हे त्याचं एकमेव शहाणपण, आणि ते तो नळाला, बायकोला, लेकीला, सगळ्यांना सारखंच लावायचा. दुसऱ्या कुणाच्या कामावर त्याचा विश्वास नव्हता. इलेक्ट्रिशियन लुच्चे, सुतार आळशी, आणि मोटरसायकलचे मेकॅनिक म्हणजे दिवसाढवळ्या खिसा कापणारे.

मेकॅनिकांवर एवढा दात असण्याचं कारण घरातलंच होतं. त्याच्या बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, गॅरेजवाला होता. एकदा जेवणाच्या पंगतीत हा साडू सगळ्यांसमोर म्हणाला, "पाइपात काय, नुसतं पाणी वाहतं. इंजिनाला डोकं लागतं." पंगत हसली. पाना ताटावरून उठला तो उठलाच. त्यानंतर दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघी बहिणी नवरे घरात नसताना फोनवर बोलायच्या आणि कुणी आलं की दुधाचा विषय काढायच्या.

साडूचं नाक ठेचायचं म्हणून पाना आपल्या मोटरसायकलचं इंजिन स्वतःच बघू लागला. तेल बदलायचं, प्लग पुसायचा, चेन ताणायची. गाडी चालत होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी त्याची खात्री पटली. उंटावरचा शहाणा खाली उतरत नाही तोवर त्याला जमीन सपाटच दिसते.

पुढे लेकीला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. लोकांच्या घरी जाऊन नमुने घ्यायचे, थंड पेटीत ठेवायचे, वेळेत लॅबला पोचवायचे. दुचाकी नसेल तर नोकरी नाही. तिने लॅबजवळच एक खोली भाड्याने घेतली. पानाने जुनी मोटरसायकल तिला देऊन टाकली, पण किल्ली हातात ठेवताना बजावलं, "इंजिनाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. कळलं?"

लेक त्या अटीवर हसली होती. त्याला हसू आलं नव्हतं. पोरगी दुसऱ्या भागात राहायला गेली होती, पगार स्वतःचा होता, स्वयंपाकही तिला येत होता. बापाची तिला गरज उरली होती ती एवढ्या इंजिनापुरती. तीही उरली नाही, आणि ती साडूच्या दारात जाऊन उभी राहिली, तर आपलं काय, याची त्याला मनातून भीती वाटायची. ही भीती तो रागासारखी बोलून दाखवायचा, कारण दुसरी कुठली भाषा त्याला येत नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी ती तेल बदलायला गाडी घेऊन घरी आली. पानाने अंगणात गाडी उभी केली आणि वाकून बघितलं. इंजिनाच्या तळाशी, तेल काढायच्या बोल्टवर, एक थेंब लोंबत होता.

"गळतंय!" तो असा ओरडला की शेजारीण खिडकीत आली.

"बाबा, नुसता वॉशर बदलायचा," लेक म्हणाली. "गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. दरवेळी नवा वॉशर टाकायचा आणि बोल्ट बेताने आवळायचा. खालचं ॲल्युमिनियम मऊ असतं."

"पुस्तकं गाड्या विकणारे लिहितात. गळती बंद करायला मला शिकवतेस? अख्ख्या बिल्डिंगची बंद केलीय मी!"

"पण हे पाणी नाही ना."

"गप्प बस आणि डबा धर."

तिने डबा धरला. जुनं तेल काळंकुट्ट होऊन खाली आलं. पानाने वॉशर तोच ठेवला, बोल्ट पुसला, आणि खिशातून पांढरी टेप काढली. आट्यांवर तिचे वेढे दिले. टोकाशी टेप बोल्टच्या पुढे थोडी लोंबली, ती त्याने बोटाने आत दाबली. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून तो असा पिळला की कपाळावरची शीर तटतटली. नवं तेल ओतलं. थेंब थांबला. पाना उभा राहिला आणि शेजारणीच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "झालं! याला म्हणतात काम."

नळात लोंबलेली टेप पाण्याबरोबर वाहून मोरीत जाते, कुणाचं काही बिघडत नाही. इंजिनात मोरी नसते. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं, आणि त्यात जे पडेल तेही त्याच्याबरोबर फिरतं. पण हे सांगणारा माणूस साडू होता, आणि साडूला विचारण्यापेक्षा पाना विहिरीत उडी मारायला तयार झाला असता.

काही दिवसांनी लेकीचा फोन आला. "बाबा, चढाला इंजिनातून टकटक येतंय. काकांना नुसतं ऐकवू का?"

काका म्हणजे तोच साडू. पानाच्या डोक्यात तिडीक गेली. "चेन सैल असेल. त्याला ऐकवलंस तर पुन्हा मला फोन करू नकोस!"

ती रविवारी आली. त्याने चेन ताणली. टकटक तशीच आहे, असं ती म्हणाली. चढावर जाऊन ऐकण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. "तुझ्या कानात आहे ते," म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी! ती गाडी घेऊन गेली.

मग एका दुपारी साडूचाच फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पोरगी पडलीय. गाडीचं मागचं चाक चालता चालता अडकलं. हाताला लागलंय, डॉक्टरकडे नेऊन आणलं. गाडी इथे गॅरेजवर आहे."

"इंजिन उघडू नका!" पाना म्हणाला. "मी येतोय."

तो पोचला तेव्हा इंजिन उघडलेलं होतं. साडू स्टुलावर बसला होता आणि लेक शेजारी उभी होती, खांद्यावर जाकीट टाकून.

"या साडूबुवा," साडू म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. हे ओळखता का?"

त्याने चिमट्यात धरून तेल गाळायच्या जाळीतून काढलेला बोळा समोर धरला. काळ्या तेलात भिजला होता तरी मधून पांढरा दिसत होता. "जाळी बुजली. वर तेल चढेना. पिस्टन कोरडा पडला आणि जागीच चिकटला. नळ छान बसवलाय हो तुम्ही, पाणी कुठे आलं नाही बघा!" आणि तो खदखदून हसला. भल्या माणसाने त्या वेळी हसू गिळलं असतं. साडूही काही भला माणूस नव्हता.

पानाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण तोंड ऐकेना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. "हे माझं नाही! तू टाकलंस आत! माझ्या पाठीमागे इंजिन उघडायचं तुला कारणच काय? माझी अब्रू घालवायला बसलायस!"

"बाबा," लेक म्हणाली. "मी डबा धरून होते. मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

माघार घ्यायला इथे जागा होती. पण साडू बघत होता. "आणि चाक अडकलं तर क्लच दाबायचा! एवढंही कळत नाही? नवीन आहेस का? गाडीची काय दशा केलीस बघ!"

लेक रडली नाही. "माझ्या मागे टेम्पो होता बाबा," ती म्हणाली. "त्याने ब्रेक मारला म्हणून मी इथे उभी आहे." मग ती साडूकडे वळली. "काका, इंजिन जोडताना मला दाखवा. पुढच्या वेळी मी स्वतः करीन."

"कर की," साडू म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

पाना तरातरा निघाला. वाटेत मनातल्या मनात साडूला शिव्या घालत होता, मग टेम्पोवाल्याला, मग टेप विकणाऱ्याला. त्या बोळ्यात टेप किती असेल, कुठल्या वेढ्याची असेल, याचाही हिशेब लावून झाला.

घरी बायको कारखान्यातून नुकतीच आली होती. बहिणीचा फोन येऊन गेला होता; पोरगी पडलीय आणि मावशीकडे आहे, एवढंच कळलं होतं. तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"कशी आहे ती?"

"इंजिन गेलंय. पिस्टन नवा लागेल. आणि तो तुझा मेहुणा..."

"मी इंजिनाचं विचारलं नाही. हात मोडलाय का? प्लास्टर घातलंय की नुसतं बांधलंय?"

पानाने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर जाळी आली, बोळा आला, साडूचे दात आले. जाकीट आलं. जाकिटाखालचं काही येईना.

"कुठला हात?" बायकोने विचारलं. "उजवा की डावा?"

मग तिने पिशवी उचलली आणि आल्या पावली बहिणीकडे निघून गेली.