आधी खड्डो मार

मालवणच्या मासळी बाजारात मी बांगडे निवडत होते आणि बाबलदादा, माझा देवबागचा मावसभाऊ, ओल्या ओट्यावर बोटाने घराचा नकाशा काढत होता. जुन्या चिरेबंदी घरावर त्याला पर्यटकांसाठी दोन खोल्या चढवायच्या होत्या. सोमवारी गवंडी येणार होता.

"चलात मा? हो की नाय, तेवढाच सांग गो."

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे घर उभं राहील की बसेल, हे सांगणं माझं काम. आमच्याकडे मी बाजारात 'चालेल' म्हटलं, की मी घरी पोचायच्या आत ते गवंड्याच्या कानावर जातं. गेल्या वर्षी एका लग्नात, पानावर बसल्या बसल्या, मी एकाला कुंपणाच्या भिंतीबद्दल 'हरकत नसावी' म्हणाले. भिंत पावसात आडवी झाली. तिच्याखाली कोणी नव्हतं, हे माझं नशीब. गावभर मात्र 'मॅडमनीच सांगितलेलं' झालं. त्याची मला अजून लाज वाटते.

इथे तर भिंतींच्या आत माझी मावशी झोपते.

"दादा, हय बाजारात माज्याकडे उत्तर नाय," मी म्हटलं. "पायाकडे खड्डो मार. मी येवन बघतंय, मगे लिवन देतंय. फी पण घेतंय."

"आपल्या माणसाक पण फी?" म्हणून तो तोंड फिरवून निघून गेला. संध्याकाळी मावशीचा फोन. लहानपणी माझ्या घरी किती सोलकढी प्यायलीस, इथपासून सुरुवात. मी सगळं ऐकून घेतलं, पण खड्ड्याचा हट्ट सोडला नाही.

रविवारी दादाने रागारागाने स्वतःच कुदळ घेतली. आम्ही याला ट्रायल पिट म्हणतो. भिंतीला लागून खणायचं आणि पाया खरोखर किती खोल आहे ते डोळ्यांनी बघायचं. घरात सगळे सांगत होते, पाया पाच फूट आहे. मी पोचले तेव्हा दादा मांडीभर खड्ड्यात उभा होता. जमिनीखाली चिऱ्याचे दोनच थर, मग सुटी वाळू, आणि त्याच्या घोट्याभोवती पाणी.

त्याने कुदळ बाजूला टाकली आणि भिंतीवर हात ठेवला.

"बापाशीन पाच फूट सांगलेला," तो म्हणाला. "मी वर खोल्यो चढवतलय होतंय गो. आणि खाली आवस, तुजी मावशी."

वर काही चढवू नये, असं मी लेखी दिलं. गवंड्याला त्याने तिथूनच फोन करून नको सांगितलं. फीचं पाकीट मावशीने स्वतः माझ्या हातात दिलं, सोबत सोलकढीची बाटली. मी दोन्ही घेतलं, बिलकूल न लाजता.

पुढच्या आठवड्यात बाजारात एकाने मला विहिरीच्या कठड्याबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून दादाचा आवाज आला, "ती हय सांगूची नाय रे. आधी खड्डो मार."

मी निवांत बांगडे घेतले. आपल्या माणसाला नुसतं नाही म्हणून भागत नाही. त्याच्या हातात कुदळ द्यावी लागते.