फ्यूजच्या जागी तार

माले ते पौड रस्त्यावर सकाळी फार धुकं असतं, म्हणून वडिलांच्या मोटारसायकलला मी स्वतः दोन जादा दिवे जोडले. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि एसटीने पहिला तास कधी मिळत नाही. पण दिवे जोडल्यापासून दोनदा फ्यूज उडाला आणि गाडी अंगणात शिरतानाच बंद पडली.

काका पक्कड घेऊन आले. “फ्यूजच्या जागी तांब्याची तार घाल. परत उडायचं न्हाई.”

“मग वायरच जळेल, काका,” मी चाचरत म्हणाले.

“लई शिकलीस. आता गाडी बंद पडली तर ती माझ्या पोराला. तू जा एसटीनं.”

मी काकांना गाडीला पक्कड लावू दिली नाही. दोन्ही वेळा गाडी अंगणात वळतानाच बंद पडली होती. मी नवा फ्यूज घातला, दिवे लावले आणि हँडल हळूहळू डावीकडे वळवलं. पूर्ण वळताच फ्यूज उडाला. हँडलखाली दिव्याची वायर चेपून सोलवटली होती आणि तांबं चॅसीच्या लोखंडाला टेकत होतं.

मी तिथं टेप गुंडाळली, वायर सैल बांधली, शेवटचा फ्यूज घातला आणि हँडल कितीतरी वेळा फिरवलं. दिवे चालूच राहिले.

“तार घातली असती तर पाच मिन्टाचं काम हुतं,” काका म्हणाले.

“मी घातली नसती.”

दुसऱ्या दिवशी किल्ली कुणी हातात देईल म्हणून मी थांबले नाही. खुंटीवरून घेतली आणि निघाले.