गोष्टीतल्या म्हातारीचं नाव

"'कोनी' नाही गं. 'कोणी'. परत घे."

दिनूकाकांनी हात वर करून रेकॉर्डिंग थांबवलं. तिसऱ्यांदा. अमेरिकेतल्या बॉथेल गावातला त्यांचा हॉल, रविवारची दुपार, दहा-बारा मराठी माणसं. माझ्या हातात पुस्तक, समोर माइक. मी परत वाचलं. "दरीत कोनी..." जीभ घसरली.

"अगं, जरा माणसासारखं वाच की!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. तेच अजून झोंबतं.

काका सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड इंजिनियर. पुण्यात कॉलेजात असताना लाल झेंडा धरला आणि अमेरिकेत येऊनही खाली ठेवला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. मॉस्कोत छापलेली जुनी मराठी पुस्तकं त्यांच्याकडे दोन कपाटं भरून. ती मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची, हा त्यांचा उपक्रम. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा कपाटात मला आमचं पुस्तक दिसलं. आमचं म्हणजे सोलापूरच्या आमच्या एका खोलीतलं एकमेव. मी तिथंच उभ्या उभ्या रडले. माझं आडनाव ऐकलं की मराठी माणसं 'म्हणजे नेमके कुठले?' विचारतात. काकांनी विचारलं नाही. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आमचीच आहेस." मी विश्वास ठेवला.

माझे वडील, आबा, सोलापुरात लाल झेंड्याच्याच पक्षाच्या ऑफिसात झाडलोट करायचे, चहा आणायचे. पुस्तक तिथूनच आलं. चौथी शिकलेले आबा बोट ठेवून वाचायचे. गोष्ट साधी. डोंगरातलं अंधारं गाव आणि तिथं वीज घेऊन येणारा रशियन इंजिनियर. त्याचं नाव लांबलचक, तीन भागांचं. आबांना ते तोंडपाठ. "तिकडं जात पुसत न्हाईत पोरी," म्हणायचे. "तिकडं समदी मानसं." त्या एका वाक्याच्या जोरावर मी शिकले. आता साखरेच्या आजारानं आबांची नजर गेलीय. ती गोष्ट एकदा तुझ्या तोंडून ऐकायची, म्हणाले. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही. म्हणून मी त्या माइकसमोर बसले होते.

लिहिताना माझा ण चुकत नाही. शाळेत छड्या खाऊन हात शिकला. जीभ शिकली नाही.

त्या दिवशी मी आयगुलला सोबत नेलं होतं. आमच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. किरगिझस्तानची, म्हणजे एकेकाळच्या सोव्हिएत मुलखातली. गोष्टीतलं गाव तिच्याच डोंगरातलं, म्हणून मला कोण कौतुक. सगळे हसले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

मी इंग्रजीत सांगितलं. माणसासारखं वाच, म्हणाले.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "हे वाक्य मला माहितीय," म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लहानपणी ती आजीबरोबर शहरातल्या बसमध्ये बसली होती. आपल्या भाषेत काहीबाही बडबडत होती. पुढच्या सीटवरची रशियन बाई वळली. म्हणाली, माणसाच्या भाषेत बोला. बस भरलेली. कोणी काही बोललं नाही. आजी पुढच्या स्टॉपला उतरली आणि तिला चालवत घरी घेऊन गेली. "त्यानंतर घराबाहेर मी आजीशी फक्त रशियन बोलले. आजीला रशियन येत नव्हतं."

आता काका काहीतरी चांगलं बोलतील असं मला वाटलं. खरंच वाटलं.

काका हसले. मग इंग्रजीत समजावू लागले. एखादी बाई असते उद्धट. पण रशियानं तुम्हाला काय काय दिलं ते बघ. शाळा दिल्या, दवाखाने दिले, वीज दिली. लिपीसुद्धा त्यांनीच दिली.

"दिली?" आयगुल म्हणाली. "माझ्या पणजीची लिपी एक, आजीची दुसरी, माझी तिसरी. हुकूम यायचा, अक्षरं बदला. पणजीची पत्रं माझ्याकडे आहेत. मला ती वाचता येत नाहीत. आमच्या आडनावालासुद्धा त्यांनी आपली 'ओवा'ची रशियन शेपटी लावली."

युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हाही काका म्हणाले होते, मोठ्या भावानं कान पिळला तर एवढा बोभाटा कशाला. तेव्हा मी गप्प बसले होते. पिळला जाणारा कान माझा नव्हता ना.

आता काका माझ्याकडे वळले. मराठीत, अगदी मायेनं.

"तूच सांग ना हिला. तुमचं एक्झाम्पल दे. आमच्यासारख्यांनी जवळ केलं, सुधारून घेतलं, म्हणून आज तू इथे सायंटिस्ट आहेस ना? थोडं ग्रॅटिट्यूड नको का?"

तुमचं. दोन वर्षं मी 'आमची' होते. एका वाक्यात 'तुमची' झाले.

आयगुलनं पुस्तक ओढून घेतलं. मराठी तिला येत नाही, ती चित्रं बघत होती. पेटलेल्या दिव्याखाली इंजिनियर उभा, आणि त्याच्याकडे तोंड वासून बघणारी एक म्हातारी, डोक्याला पांढरं फडकं. "हिचं नाव काय?"

मी पानं उलटत गेले. इंजिनियरचं नाव पानोपानी, तिन्ही भागांसकट. म्हातारी म्हणजे नुसती म्हातारी. मेंढपाळ म्हणजे मेंढपाळ. पोरं म्हणजे पोरं. अख्ख्या गावात एकालाही नाव नाही. हे पुस्तक मला पाठ होतं आणि इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

मग ते ऑफिस आठवलं. मी आबांचा डबा घेऊन जायची. तिथं सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणायचे. आबांचं नाव नामदेव. त्यांना हाक यायची, "ए नाम्या, चहा सांग."

मी उठले.

"काका, माझं वाचन झालं. अन् मी तुमच्यामुळं हितं न्हाई. माझा बाप तुमच्यासारख्यांचे कप विसळायचा, त्याच्यामुळं हितं हाय."

त्या घरात माझी बोली पहिल्यांदाच माझ्या तोंडातून बाहेर पडली. "अगं बस, इतकं काय मनाला लावून घेतेस," कोणीतरी म्हणालं. काका एवढंच म्हणाले, "पुस्तक ठेवून जा. रेअर कॉपी आहे."

ठेवलं. मला पाठ आहे.

कारमध्ये मी आयगुलला तिच्या आजीचं नाव विचारलं. तिनं शेपटीशिवाय सांगितलं. बुरुल. असानची लेक बुरुल.

घरी आले तेव्हा सोलापुरात सोमवारची सकाळ झाली होती. आबांना फोन लावला. "आबा, हापिसात तुमाला काय म्हनायचे?"

"नाम्या." मग घाईघाईनं, "मायेनं म्हनायचे गं." पुढं स्वतःच म्हणाले, "एकदा हापिसातला फोन मी उचलला. पलीकडचा मानूस मला कॉम्रेड म्हनला. त्याला दिसत न्हवतं ना, कोन बोलतंय ते."

मी रडले नाही. संताप आला होता, आणि तो मला वाया घालवायचा नव्हता. तशीच सुरुवात केली. "डोंगरात एक गाव हुतं. तितं असानची लेक बुरुल ऱ्हायाची."

आबांनी अडवलं. "बुरुल कोन? गोष्टीत न्हाई ती."

"हाय आबा. तिचं नाव गाळलं हुतं."

"मग घे," आबा म्हणाले. "समद्यांची घे."

तासभर मी सांगत होते. आबांनी एकदाही माझा न अडवला नाही. फोन ठेवला तर काकांचा मेसेज आलेला. राग सोड. ण ची प्रॅक्टिस करून पुढच्या रविवारी ये. मी तुला चान्स देतोय.

मी दोनच शब्द लिहिले. "येणार नाही."

ण नीट बघून घ्या, काका. बरोबर आहे.