तीनला उठणारा माणूस

दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या जपानी कंपनीत मालाचे कागद टोकियोहून यायचे. ते पाठवणारा माणूस रोज तिथल्या तीनला, म्हणजे आमच्या सकाळी दहाला, टेबल सोडून निघून जायचा. २००८ च्या मंदीत आमच्याकडची निम्मी माणसं घरी गेली होती आणि उरलेल्यांवर दुप्पट काम पडलं होतं. मी जपानी साहेबांकडे त्याची लेखी तक्रार केली.

साहेब हसले. "मॅडम, तो आपल्या कंपनीच्या रग्बी संघात खेळतो. तीननंतरचा सराव हीसुद्धा त्याची नोकरीच."

संघ त्या मोसमात तळाला होता. शेवटचा सामना हरला तर खालच्या गटात जाणार, आणि मग संघच बंद, असं मुख्य ऑफिसने कळवलं होतं.

सामन्याच्या शनिवारी सुट्टी असूनही आम्ही सगळे नऊला ऑफिसात कॉम्प्युटरसमोर जमलो. दोन मिनिटं उरली तेव्हा आपण तीन गुणांनी मागे होतो. तेवढ्यात एक आडदांड गडी चेंडू पोटाशी धरून, अंगाला लटकलेल्या तिघांसकट रेषेपलीकडे कोसळला. पाच गुण!

"हाच तो," साहेब म्हणाले.

"ताई, हाच का तुमचा कामचुकार?" आमच्या रत्नागिरीच्या स्टोअरकीपरने विचारलं. मी तेव्हा खुर्चीवर उभी राहून ओरडत होते.

संघ वाचला. सोमवारी त्याचे कागद आले, एकही चूक नव्हती. खाली लिहिलं होतं, डोळा सुजल्यामुळे आज टायपिंग हळू होईल, पण तीनला निघावं लागेल.

मी कळवलं, "खुशाल अडीचला निघा."