परळच्या मंडळीची वाढ

चाळीच्या जिन्याखाली मोडक्या वस्तू साठतात, तसे आमच्या मंडळीचे किस्से साठतात. मोडकी खुर्ची तिथं कोण आणून ठेवतं ते कुणी पाहिलेलं नसतं, पण दोन महिन्यांनी बघावं तर शेजारी दुसरी उभी. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारतं, "शमू, काल तुमच्या देवळात काय झालं रे?" मी डब्यात बघत बसतो. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिताना मात्र अडत नाही, म्हणून लिहितो. आणि खरं सांगायचं तर लिहिलं नाही तर डोकं फुटेल, अशी वेळ या लोकांनी माझ्यावर आणली होती.

आधी माणसं सांगतो. आम्ही परळचे सतरा ख्रिस्ती. बहुतेकांचे वाडवडील नगरकडून गिरण्यांत आलेले. दर रविवारी शाळेतल्या बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या पोरांच्या वर्गात आमची उपासना चाले. दावीदमास्तर त्या शाळेचे हेडमास्तर, म्हणून वर्ग मिळाला. शांतवनराव माझ्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. हे दोघं मंडळीचे वडील, म्हणजे पंच म्हणा. मास्तरांनी मला सातवीपर्यंत शिकवलं. पुढं शाळा सुटली आणि शांतवनरावांनी मला फोल्डिंग खात्यात चिकटवलं. अक्षर बरं म्हणून मंडळीनं मला चिटणीस केलं. चौथी राहेलमावशी. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहते आणि अख्ख्या चाळीची मावशी आहे.

अडचण अशी होती. आम्ही गिरगावच्या मोठ्या मंडळीची शाखा. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, फक्त गिरगावला मिळे. मावशीचे पाय सुजलेले. ट्रामची पायरी तिला चढवेना. आठ महिने तिनं ती भाकर तोंडात घातली नव्हती. परळची मंडळी स्वतंत्र झाली तरच प्रभुभोजनाचं टेबल परळला मांडता येणार होतं. म्हणून आम्ही गिरगावला अर्ज केला.

उत्तर आलं ते मीच उभं राहून वाचलं. "आपली मंडळी आत्मिकदृष्ट्या अद्याप प्रौढ झालेली नाही. एक वर्ष एकत्र वाढावे. त्यानंतर आमचे तिघे येऊन पाहतील."

शांतवनराव उठले. "प्रौढ नाही? माझी साठ सरली. मास्तर अठ्ठावन्नचे. मावशीचं तर कुणी मोजतच नाही."

"आत्मिक म्हटलंय, शांतवनराव," मास्तर म्हणाले.

"मग माझा आत्मा काय माझ्यामागून जन्मला?"

दोघंही बिगारीच्या बाकांवर बसलेले. गुडघे हनुवटीला टेकलेले. त्यामुळे नक्की कोण बरोबर, ते मला ठरवता येईना.

* * *

दुसऱ्या दिवशी हे मी खात्यातल्या धोंडूला सांगितलं. धोंडू मालवणकडचा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा चुकवायचा नाही. आमचे शांतवनरावही तिथं पुढच्या रांगेत असायचे.

धोंडूनं ताग्याची घडी घातली आणि म्हणाला, "महाराष्ट्र एक होवक व्हयो म्हणान तुमचो जॉबर शिवाजी पार्कार बोंबलता. आणि देऊळ मात्र येगळा व्हया?"

धीर करून मी तेच शांतवनरावांना विचारलं.

"तो प्रश्न वेगळा," ते म्हणाले. "आणि धोंडूला सांग, घडी वाकडी आहे."

* * *

गिरगावहून एक पाळकसाहेब उपासना चालवायला येत. पुण्यात शिकलेला, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी वाढीचं काम मनावर घेतलं. उपासनेच्या शेवटी ते म्हणाले, "पुढच्या रविवारी उपासनेनंतर कुणी घरी जाऊ नये. आपल्या सर्वांना वाढायचं आहे. लहानथोर भेद नको. पुरुषांनीसुद्धा वाढलं पाहिजे."

बायका खूश झाल्या. पुरुष वाढणार, हे परळमध्ये नवीनच होतं.

रविवारी उपासना संपली. पाळकसाहेब शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले. आणि एकेकाच्या पिशवीतून पळ्या बाहेर निघाल्या. शांतवनरावांनी गिरणीच्या उपाहारगृहातून मोठा डाव आणला होता. मी मोजल्या. अकरा पळ्या. भात कुणीच आणला नव्हता. ज्याला त्याला वाटलेलं, आपलं काम फक्त वाढायचं, रांधायचं दुसऱ्या कुणीतरी.

पाळकसाहेब आधी गोंधळले. मग म्हणाले, "मला आज जे सांगायचं होतं, ते तुम्ही सांगितलंत." आणि त्यावर त्यांनी पाऊण तास प्रवचन दिलं.

भुकेल्या पोटी ऐकून मावशी शेवटी म्हणाली, "साहेब, वाढ समजली. आता जेवायचं काय ते सांगा."

* * *

पुढची पायरी कबुलीची. प्रत्येकानं सर्वांसमोर आपला एक दोष कबूल करायचा, असं ठरलं. मी रात्रपाळी करून आलो होतो, तरी वही घेऊन नीट बसलो. असं काही आपल्या मंडळीत घडणार, याचं मला फार अप्रूप वाटत होतं.

शांतवनराव उभे राहिले. आवाज जड झालेला. "माझा दोष एकच. मी दावीदमास्तरांना फार सहन केलं."

मास्तर उभे राहिले. "माझाही एकच. शांतवनरावांना आपण सहनशील आहोत असा भ्रम आहे, हे मला ठाऊक होतं. मी ते वेळेवर सांगितलं नाही."

मग रांगच लागली. एकीचा दोष असा की शेजारणीनं नळावर भांडण काढलं तेव्हा ती गप्प बसली नाही. शेजारणीचा दोष असा की तिनं हिला मैत्रीण मानलं.

मी वहीत लिहिलं, "सर्वांनी एकमेकांचे दोष मोकळेपणाने कबूल केले." पुढच्या सभेत ते वाचलं, तेव्हा वाटलं, कुणीतरी लाजेल. मास्तर वहीत डोकावून म्हणाले, "मोकळेपणाने यातला 'ळे' नीट काढ." आणि वृत्तांत एकमतानं मंजूर झाला.

वर्षभरात एकमतानं झालेली ती एकच गोष्ट.

* * *

उघड भांडू नका, प्रार्थना करा, असं पाळकसाहेबांनी बजावलं. त्यावर दोघा वडिलांनी डोळे मिटून भांडायला सुरुवात केली.

"हे दयाळू पित्या," शांतवनराव म्हणाले, "मुंबईसाठी गिरणगावचा माणूस रस्त्यावर उभा असता काही शिकलेले लोक घरात बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यांना क्षमा कर."

काही जण म्हणाले, "आमेन."

"हे सर्वज्ञ पित्या," मास्तर म्हणाले, "तुला ठाऊकच आहे की काहींना वर्तमानपत्र वाचताच येत नाही. त्यांच्यावर दया कर."

दुसरीकडून आमेन. हे तीन फेऱ्या चाललं. मी एक डोळा उघडून बघितलं. दोघांचेही हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, आणि चेहरे एकमेकांकडे वळलेले.

शेवटी मावशी म्हणाली, "प्रभूला मध्ये कशाला घालता? डोळे उघडा आणि सरळ भांडा. तेवढाच त्याला विसावा."

* * *

मग पाळकसाहेबांनी सोपा नियम दिला. एक आठवडा कुणी कुणाची निंदा करायची नाही. बस्स.

पुढच्या रविवारी वर्गात इतकी शांतता होती की बाहेरची ट्रामची घंटा आतल्यासारखी ऐकू येई. पाळकसाहेब भारावले. "हा पालट कसा झाला?" त्यांनी मावशीला विचारलं.

"पालट कसला, साहेब? आठवडाभर कुणाला बोलायला विषयच नव्हता."

* * *

यात माझाही एक किस्सा आहे. तो सांगायला नको वाटतं, पण दुसऱ्यांचे सांगून आपला लपवणं बरं नव्हे.

वर्ष संपायला तीन महिने उरले होते. मावशीचे पाय आणखी सुजले होते. एक दिवस शांतवनरावांनी मला कापड विणायच्या साच्यांच्या मागं बोलावलं. मान खाली. "मास्तरला चिठ्ठी लिही. माफी मागतो म्हणून. म्हातारी भाकरीवाचून जायची एखादे दिवशी. तू लिही, मी अंगठा करतो."

मला रडू येईल असं झालं. घरी जाऊन मी चांगला कागद घेतला. पाळकसाहेबांच्या तोंडी ऐकलेले चांगले शब्द आठवून आठवून लिहिले. "मी दिन होऊन आपल्यापुढे येत आहे."

चिठ्ठी दोन दिवसांनी परत आली. 'दिन'भोवती लाल शाईचं वर्तुळ. समासात मास्तरांचं अक्षर: "दिन म्हणजे दिवस. आपण रोज येणार आहात काय?"

शांतवनरावांना वाचता येत नाही. वाचून दाखवायचं माझ्यावरच आलं. मी ते वगळू शकलो असतो. पण मला खोटं सुचायलाही वेळ लागतो.

"माफीचीही परीक्षा घेतो हा माणूस?" शांतवनराव म्हणाले, आणि दोन महिने मास्तरांशी बोलले नाहीत.

मास्तरांनी मला रस्त्यात गाठलं. "शमुवेल, तो दिन तुझा ना?"

"हो, मास्तर."

"मला तेव्हाच वाटलं. सातवीतही तू दीन नव्हतास." मग म्हणाले, "मी गंमत केली होती रे. त्यांना कळेल असं वाटलं."

मी मावशीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. एका वेलांटीपायी तुझी भाकर अडली, म्हणालो. ती तांदूळ निवडत होती.

"एका वेलांटीनं जी मंडळी अडते," ती म्हणाली, "ती तुझ्यामुळं अडली नाही, बाबा. खडे निवडू लाग."

* * *

आणि तिघे तपासायला यायचा रविवार उजाडला.

पाळकसाहेबांनी सर्वांना पढवून ठेवलं होतं. प्रेमानं बोला, थोडकं बोला, आणि वडिलांनी शक्यतो बोलूच नये. नेमका त्या दिवशी मुंबईच्या प्रश्नावर हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद. आम्ही नऊपासून बिगारीच्या बाकांवर बसलो होतो. अकरा वाजून गेले. लोक म्हणू लागले, आता ते येत नाहीत, आणखी एक वर्ष गेलं. मावशीचे पाय पुढच्या बाकावर ठेवलेले होते. चाळीपासून शाळेपर्यंत तिला धरून आणायलाच अर्धा तास लागला होता.

साडेअकराला तिघे आले. गिरगावपासून पायी. त्यांचे अध्यक्ष सत्तरीचे, हातात छत्री, कोट घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी टेकायला जागा शोधली, बाकाची उंची पाहिली आणि उभंच राहायचं ठरवलं.

"तुमच्या मंडळीत वाद आहेत का?" त्यांनी विचारलं.

पाळकसाहेब छताकडे बघत होते. अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी माझ्याकडे वळले. "तुम्ही चिटणीस ना?"

माझ्या हातात वही होती. मी उभा राहिलो. काय बोलावं ते कळेना, म्हणून वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. पळ्या, कबुली, प्रार्थना, सगळं. चिठ्ठीचं वहीत नव्हतं, तेही सांगितलं, आणि ती वेलांटी माझी होती हेही. माझ्या आयुष्यात इतकं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. खाली बसलो तेव्हा वाटलं, संपलं. मावशीची भाकर मी माझ्या हातानं घालवली.

अध्यक्ष शांतवनरावांकडे वळले. "हे खरं?"

"अक्षर न् अक्षर."

"दावीदमास्तरांविषयी आज तुमचं मत काय?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

"हट्टी माणूस," शांतवनराव म्हणाले. "खवचट. शुद्धलेखनापलीकडं जग आहे हे त्याला ठाऊक नाही."

"आणि उद्या इथं टेबल मांडलं, आणि भाकरीचं ताट घेऊन हेच मास्तर तुमच्यासमोर उभे राहिले, तर त्यांच्या हातची घ्याल?"

शांतवनरावांना प्रश्नच कळला नाहीसं दिसलं. त्यांनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा अध्यक्षांच्या धुळीनं माखलेल्या बुटांकडे.

"मग कुणाच्या हातची घेणार? तुम्हाला तर गिरगावहून यायलाच साडेअकरा वाजले."

मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. अध्यक्षांनी छत्री भिंतीला टेकवली. मग हळूच, गुडघे सांभाळत, ते बिगारीच्या बाकावर मावशीशेजारी बसले.

"बाई," त्यांनी विचारलं, "द्राक्षरसाला तुमच्या लोकांकडे कप किती आहेत?"

"सतरा," मावशी म्हणाली. "एकाचा कान तुटलाय. तो माझा."