उजवीकडचा बिल्ला

"आहे का कोणी?"

ओसाड इमारतीच्या गंजक्या दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, हा प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी मिनिटभर थांबायचं. उत्तर अर्थातच येत नसे. मग चपला झटकून तो आत शिरे. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाला, "पंत, बंद असलं तरी घर दुसऱ्याचं. विचारायला नको?"

नकाशांच्या सरकारी कचेरीत त्याचं आणि माझं टेबल शेजारी होतं. तो रेषा ओढी, मी त्यांच्यावर अक्षरं लिही. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर मात्र तो न विचारता बसे आणि माझ्याच डबीतली सुपारी खाई. मी ठाकूरद्वारचा, पुस्तकं वाचून शहाणा झालेला. तो मालवणकडचा, परळच्या चाळीत मामाकडे राहणारा. तुमच्याही कचेरीत असा एक जण असेल, ज्याच्या रविवाराबद्दल सगळे कुजबुजतात. कोणी म्हणे रेसला जातो, कोणी म्हणे बाई आहे. प्रत्यक्षात तो बंद पडलेल्या इमारती बघायला जाई. हे कळल्यावर कचेरीची जरा निराशाच झाली.

मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो त्याचं एक कारण म्हणजे त्या वर्षांत रविवारी घरी बसणं कठीण होतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते आणि शहरात वक्त्यांचा सुकाळ होता. आमच्या वाडीत तीन कर्णे होते. ज्याचं घरात कोणी ऐकत नसे, तो चौकात तासभर बोले. लाठ्या मात्र भलतेच लोक खात. त्याच्याही खांद्यावर एक वळ होता. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, म्हणून मला तो खरा वाटला.

त्याची आवडती जागा म्हणजे परळच्या एका गिरणीचं जुनं वीजघर. पूर्वी ही गिरणी स्वतःची वीज स्वतः कोळशावर करी. पुढे घाटातल्या धरणांची वीज तारांवरून आली आणि वीजघराला कुलूप लागलं. मागच्या भिंतीला एक भगदाड होतं. पण आम्ही आधी पुढच्या दारावर टकटक करून मगच त्या भगदाडातून शिरत असू.

आत मारुतीच्या देवळाएवढे तीन बॉयलर होते. छताच्या फुटक्या काचांतून ऊन पडे आणि त्यात कोळशाची धूळ तरंगे. पंचवीस वर्षांत ती खाली बसली नव्हती. तो भट्टीच्या तोंडात वाकून जाई, राखेच्या बोगद्यात रांगत शिरे. एकदा तर धुराड्याच्या आतल्या लोखंडी पायऱ्यांवरून निम्म्यापर्यंत चढला आणि मी खाली उभा राहून मारुतीला नवस बोललो.

एकाच ठिकाणी तो जात नसे. दाराजवळ टाइमकीपरची काचेची केबिन होती. काचेवर काजळीचा थर होता.

"तिथे काय आहे?"

"पुढच्या रविवारी बघू."

असे सात-आठ रविवार गेल्यावर मी चिडवलं, "धुराड्यात चढतोस आणि केबिनला घाबरतोस? भूत आहे का रे आत?"

तो बॉयलरला टेकून खाली बसला. "माझा बाप इथे आगवाला होता, पंत. भट्टीत कोळसा मारायचा. मी चार वर्षांचा होतो. एका दुपारी हा मधला बॉयलर फुटला. चार माणसं गेली, असं कंपनीने लिहिलं. पाचवा माझा बाप. कंपनी म्हणाली, तो पाळी अर्धी टाकून आधीच पळाला होता."

"मग गेला कुठे?"

"तेच गाव आजपर्यंत विचारतंय. कोणी म्हणतं कराचीला, कोणी म्हणतं दुसरं बिऱ्हाड केलं."

मग त्याने ऐकली होती तशी केबिन समजावली. आत एक फळा होता. प्रत्येक कामगाराचा नंबर घातलेला पितळी बिल्ला त्यावर खिळ्याला टांगलेला. कामावर आला की बिल्ला डावीकडून उजवीकडे लावायचा, जाताना उजवीकडून डावीकडे, टाइमकीपरच्या डोळ्यांसमोर. बॉयलर फुटला त्याच दुपारी वीजघर बंद झालं; धरणांची वीज तोवर दारात आलीच होती, म्हणून ते परत उघडलंच नाही. त्यामुळे फळा तसाच राहिलेला. बेचाळीस नंबर डावीकडे असेल तर बाप पळाला. उजवीकडे असेल तर तो इथल्याच राखेत आहे.

"मग उठ की! दहा पावलांवर आहे."

"आई अजून कुंकू लावते," तो म्हणाला. "गावात कोणी काही बोललं की म्हणते, 'तेंका येवक उशीर झालो, बाकी काय नाय.' मी आत जाऊन बघितलं आणि उजवीकडे निघाला, तर तिला सांगायला नको? आणि न सांगता तिच्या हातचं जेवायचं कसं?"

बाहेरून मोर्चा चालला होता. मुंबई कोणाची, हे हजार माणसं भिंतीपलीकडे ओरडून सांगत होती. तो ऐकत बसला. मग म्हणाला, "ती असेपर्यंत नको."

राज्य जाहीर होण्याच्या थोडं आधी त्याला गावाहून तार आली. आई गेली होती. तो बोटीने गेला. जाताना कचेरीच्या जिन्यात एवढंच बोलला, "सवाष्ण गेली, पंत. आता आल्यावर बघू."

तो गावी असतानाच नव्या राज्याच्या समारंभासाठी परळच्या उत्सव समितीची बैठक झाली. मे महिन्याच्या उन्हात सभेला सावलीची जागा हवी होती आणि शाळेचा हॉल दुसऱ्यांनी पटकावला होता. समितीला भाषणं लिहून देणारा कोणीतरी हवा म्हणून मला बोलावलं होतं. आयुष्यभर समित्यांची टिंगल केलेला मी, खुर्ची मिळताच सरसावून बसलो आणि म्हणालो, "एक मोठं वीजघर रिकामं पडलंय."

टाळ्या पडल्या. गिरणीमालकाने तर आनंदाने किल्ली दिली. त्यालाही त्या दिवसांत देशभक्त व्हायची घाई होती.

फळ्याचा मला विसर पडला होता का? नाही. त्याला हात लावू नका, असं बजावायचं मी ठरवलं होतं. पण मग अध्यक्षांचं भाषण लिहायचं आलं, व्यासपीठामागे लावायला नव्या राज्याचा नकाशा करायचा आला. समारंभाच्या दिवशी गेलो तेव्हा फळा व्यासपीठामागे उभा होता. स्वयंसेवकांनी चिंच लावून दोनशे बिल्ले लखलखीत घासले होते आणि एकपासून ओळीने डावीकडे टांगले होते. उजवीकडच्या रिकाम्या जागेत माझा नकाशा होता. अध्यक्षांनी फळ्याकडे हात करून श्रमिकांच्या घामाबद्दल मी लिहिलेलं वाक्य म्हटलं. त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

तो परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही गेलो. वाटेत सांगायचं मी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललो.

दार उघडंच होतं. तरी त्याने टकटक केली, विचारलं, मिनिटभर थांबला. आत वाळलेला झेंडू, कागदी पताका, पुसट रांगोळी. तो केबिनकडे वळला आणि ती रिकामी बघून फिरला. मग फळ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोटाने मोजत गेला. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. बोट परत बेचाळीसवर आलं.

"नंबरवार लावलेत," तो म्हणाला.

मग त्याची नजर नकाशाकडे गेली. नकाशावर सही नव्हती, पण माझ्या अक्षरांसोबत त्याने सहा वर्षं काढली होती.

"अक्षर तुमचं, पंत."

"मी त्यांना सांगणार होतो..."

"चांगलं आलंय," तो म्हणाला आणि बाहेर पडला. मी मागून हाका मारल्या. तो थांबला नाही.

पुढे दोन महिन्यांनी त्याने नागपूरची बदली मागून घेतली. तिथून पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही. पण मला आठवतो तो त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. एका नकाशावर नावं घालून हवी होती, म्हणून तो माझ्या टेबलाशी आला. सुपारीची डबी मी मुद्दाम कोपऱ्यावर ठेवली होती. तो बसला नाही. बोटाच्या पेराने त्याने टेबलावर दोनदा टकटक केली.

"आहे का कोणी?"

आणि मिनिटभर थांबला. मी मान वर केली नाही.